गणंग दाण्यापासून सुरुवात: शाळेत वनस्पती-संशोधन कसं करायचं

मटकी रात्री भिजत घातली की सकाळी बहुतेक दाणे टम्म फुगलेले असतात. त्यांतच काही दाणे मात्र जसेच्या तसे राहतात, बारीक, कडक, वरून चकचकीत. घरात त्यांना गणंग म्हणतात. उसळीत एखादा दाताखाली आला की कळतोच. एका वर्षी मी असे मूठभर दाणे ताटलीत घेऊन नववीच्या वर्गावर गेले आणि विचारलं, "हे दाणे मेलेत की झोपलेत?" वर्गात लगेच दोन तट पडले. एक मुलगा म्हणाला, "बाई, फोडून बघूया ना." त्या दिवशी मी शिकवायला नेलेला धडा तसाच राहिला, पण पुढचे दोन आठवडे त्या वर्गाने जे केलं त्याला मी निःसंकोच संशोधन म्हणते.

हा लेख नववी-दहावीला विज्ञान किंवा अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या आणि असं काही पहिल्यांदाच करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. प्रयोगशाळा धड नसली तरी चालेल. सूक्ष्मदर्शक एकच असला तरी चालेल. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी लागते, ती आधी सांगते.

प्रात्यक्षिक वेगळं, संशोधन वेगळं

पानातला स्टार्च आयोडीनने तपासण्याचं प्रात्यक्षिक आपण सगळेच घेतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका मुलीने वहीत लिहिलं होतं, "पान निळे-काळे झाले." तिच्या बशीतलं पान तर पिवळट तपकिरीच होतं. विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, पुस्तकात तसंच आहे ना." मग चौकशी केली तर तिने पान जिन्याखालच्या कुंडीतलं आणलं होतं, तिथे दिवसभर अंधार. म्हणजे तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं, आणि वर्गातली सगळ्यात मोलाची नोंद तिने खोडरबराने पुसून टाकली होती. तिला तसं करायला मीच शिकवलं होतं, कारण मार्क मी पुस्तकातल्या उत्तरालाच देत होते.

प्रात्यक्षिकात उत्तर आधी ठरलेलं असतं आणि हात तयार व्हावेत म्हणून ते हवंच. संशोधनात उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसतं. "तुमच्या गावच्या किराणा दुकानातल्या मटकीत शंभरात किती गणंग निघतात?" याचं उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. ते तुमच्या वर्गातच मोजलं जाणार. "मलाही माहीत नाही, बघूया" हे वाक्य वर्गात मोकळेपणाने म्हणायची सवय करा. पहिल्यांदा जड जातं. मुलं मात्र ते ऐकताच पुढे सरसावतात.

वेळ कुठून काढायचा

जुलै ते सप्टेंबर हा सगळ्यात सोयीचा काळ. हवेत ओल असते, बी लवकर रुजतं, झाडांना पालवी असते आणि सराव परीक्षांचा ताण अजून लांब असतो. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर काही सुरू करू नका, मोजणी अर्धवट राहते. आठवड्यातून एक तास आणि मधल्या सुट्टीतली रोजची दहा मिनिटं एवढं पुरतं. प्रयोग सोमवारी मांडा, म्हणजे महत्त्वाची मोजणी शनिवारच्या आत होते. आणि वर्ग झाडणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी डबे दाखवून ठेवा. आमचे नऊ डबे एकदा "खरकटं" म्हणून कचऱ्यात गेले. चूक मावशींची नव्हती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

गणंग दाण्यांचा प्रयोग, सुरुवातीपासून

पहिलं काम मोजणीचं. प्रत्येक गटाने घरची मटकी आणायची आणि त्यातून न निवडता शंभर दाणे मोजून घ्यायचे. "न निवडता" हे पुन्हा पुन्हा सांगा. मुलं नकळत मोठे, देखणे दाणे उचलतात. डोळे मिटून मूठ भरायची आणि त्यातलेच मोजायचे. दाणे बारा तास पाण्यात ठेवायचे, मग पांढऱ्या कागदावर पसरून न फुगलेले वेगळे करायचे. फुगलेल्या दाण्याचं टरफल आधी सुरकुततं आणि मग ताणलं जातं. गणंगाचं टरफल जसं होतं तसंच राहतं, त्यावर नख दाबलं तर घसरतं. हा फरक प्रत्येक मुलाने बोटाने अनुभवला पाहिजे, मगच मोजणीत एकवाक्यता येते.

शंभरात निघतात तेवढ्या गणंगांवर प्रयोग होत नाही. म्हणून आठवडाभर मुलांनी घरी उसळीची मटकी भिजली की त्यातले गणंग वेचून, पुसून, कागदाच्या पुडीत आणायचे. यात घरचेही ओढले जातात. एका मुलाची आजी दाणे वेचता वेचता त्याला सांगत होती की जुन्या मटकीत गणंग जास्त निघतात. त्याने ते वहीत लिहून आणलं आणि तोच त्याच्या गटाचा पुढचा प्रश्न झाला.

नव्वद दाणे जमले की तीन प्रकारे मांडणी करायची. पहिल्या तीस दाण्यांना काहीच करायचं नाही. हा तुलनेचा गट, आणि तो वगळला तर बाकी सगळं वाया. दुसरे तीस दाणे दोन पॉलिश पेपरांच्या मध्ये ठेवून सगळ्यांना सारखाच वेळ घासायचे, टरफलाची चकाकी जाईपर्यंत. तिसऱ्या तीसांना नेलकटरने टरफलावर बारीकशी खाच पाडायची. ही खाच दाण्याच्या डोळ्याच्या (दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो त्या खुणेच्या) विरुद्ध बाजूला पाडायची, कारण कोवळं मूळ डोळ्याजवळच असतं आणि तिथे पातं लागलं तर अंकुरच दुखावतो. प्रत्येक तिसाचे दहा-दहा करून तीन डबे. श्रीखंडाचे किंवा दह्याचे झाकणाचे डबे गरम पाण्याने धुऊन घ्या, तळाशी दुहेरी टिश्यू पेपर, आणि सिरिंजने मोजून सगळ्यांना सारखंच पाणी. नाव-गाव डब्याच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं अदलाबदल होतात आणि मग कोणता डबा कोणाचा हे देवालाही सांगता येत नाही.

चोवीस तासांनी फुगलेले मोजायचे, अठ्ठेचाळीस आणि बहात्तर तासांनी मोड आलेले. "मोड आला" म्हणजे काय हे आधीच ठरवा. आमचा नियम, मूळ पट्टीवर 2 मिलिमीटर बाहेर दिसलं पाहिजे. शक्य असेल तर मोजणारा गट वेगळा ठेवा आणि कोणत्या डब्यात घासलेले दाणे आहेत हे त्यांना सांगू नका. डोळ्याला हवं तेच दिसतं, मोठ्या माणसांनाही.

खाच पाडलेल्या दाण्यांत साधारणपणे काही तासांतच पाणी शिरतं आणि ते फुगू लागतात. म्हणजे दाणा जिवंत होता, फक्त दार बंद होतं. शेंगवर्गातल्या अनेक बियांच्या टरफलात उभ्या पेशींचा एक दाट थर असतो आणि तो पाणी आत जाऊ देत नाही. बी जितकं कोरडं सुकतं तितकं हे कवच पक्कं होत जातं. रानातल्या झाडाला याचा मोठा उपयोग आहे. पहिल्या पावसाला सगळंच बी रुजलं आणि मग पावसाने ओढ दिली तर वंशच बुडेल. काही बी मातीत थांबलं तर पुढच्या पावसाला किंवा पुढच्या वर्षी ते उगवतं. शेतकऱ्याला मात्र सगळं बी एकदम उगवायला हवं असतं. त्यामुळे हजारो वर्षांच्या पेरणी-कापणीत लवकर रुजणारी रोपंच निवडली गेली, आणि पिकांत हा गुण त्यांच्या रानटी भावंडांपेक्षा बराच कमी झाला. मटकीतले गणंग ही त्या रानटीपणाची उरलेली खूण आहे. हे सगळं मुलांना सांगायचं, पण त्यांचे आकडे हाती आल्यानंतर.

चांगला प्रश्न कसा ओळखायचा

मुलं पहिल्यांदा "झाडं कशी वाढतात?" असले प्रश्न विचारतात. त्यांना मोडता घालू नका, प्रश्न फक्त लहान करत न्या. कोणतं झाड? वाढ म्हणजे उंची की पानांची संख्या? आपण काय बदलणार? किती दिवसांत दिसेल? प्रश्नात एकच गोष्ट बदलणारी आणि एकच मोजायची असली की तो वर्गात पेलतो. आणि त्याला गावाचा वास असावा, हे माझं स्वतःचं मत आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णा खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. सांगली-कोल्हापूरकडे जास्त पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. गोव्यात आणि कोकणात खाजणं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी आहेत, आणि तिथे खारं पाणी सोसणारं कोरगुट भात पिढ्यान्‌पिढ्या लावलं जातं. या गावांतल्या मुलांना "मीठ आणि बी" हा विषय पुस्तकातला वाटत नाही.

त्या प्रयोगाची कृती थोडक्यात. एक लिटर पाण्यात 3, 6, 9 आणि 12 ग्रॅम मीठ अशी चार द्रावणं आणि पाचवं नुसतं पाणी. (6 ग्रॅमचं द्रावण म्हणजे साधारण 100 मिलीमोलर, अकरावी-बारावीच्या मुलांकडून हे गणित करून घ्या.) प्रत्येकाचे तीन डबे, डब्यात मुगाचे 20 दाणे, म्हणजे एकूण 300 दाणे. चौथ्या दिवशी मुळांची लांबी दोऱ्याने मोजून पट्टीवर ठेवायची. दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. बोअरचं पाणी मुळातच खारं असलं तर "नुसतं पाणी" नुसतं राहत नाही, म्हणून पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. आणि झाकण उघडं राहिलं तर पाणी उडून जाऊन द्रावण रोज जास्त खारट होत जातं.

हुशार गट इथे एक भारी प्रश्न विचारतो: दाण्याला मीठ बाधतं, की खारं पाणी त्याला शोषताच येत नाही? हे वेगळं काढता येतं. 6 ग्रॅम मिठाच्या द्रावणाइतकीच पाण्याची ओढ, म्हणजे पाणी आपल्याकडे धरून ठेवण्याची ताकद, लिटरला साधारण 68 ते 70 ग्रॅम साखर घातल्याने येते. साखरेच्या डब्यातही मुळं तेवढीच खुंटली तर दोष मुख्यतः पाण्याच्या ओढीचा, कमी खुंटली तर मिठाचा स्वतःचा काही त्रास आहे. साखरेवर बुरशी लवकर येते, म्हणून ही मोजणी लांबवू नका.

सूक्ष्मदर्शक असेल तर पर्णरंध्रं मोजा

पानाच्या खालच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्या, दहा मिनिटं वाळू द्या, त्यावर सेलोटेप दाबून अलगद सोला आणि टेप काचपट्टीवर चिकटवा. पर्णरंध्रांचे ठसे स्पष्ट दिसतात. तगर, जास्वंद, पेरू अशी निरनिराळी पानं घेऊन पाहा, फार लव असलेल्या पानांवर ठसा नीट उठत नाही. कमी वर्धनाच्या भिंगाखाली प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी ठेवली की दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मोजता येतो. 10 पटीच्या वस्तुभिंगाला तो 1.8 मिलिमीटर आला तर 40 पटीला त्याचा चौथा हिस्सा, 0.45 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 0.16 चौरस मिलिमीटर. त्यात 25 रंध्रं मोजली तर चौरस मिलिमीटरला साधारण 156. एकाच झाडाची उन्हातली आणि सावलीतली पानं, एवढी तुलना पुरे. सूक्ष्मदर्शक नसेल तर मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्डला तयार केलेला कागदी फोल्डस्कोप पाहा. तो 140 पट मोठं दाखवतो, रंध्रं ओळखायला तेवढं बास.

रंध्रं मोजून काय मिळतं, असं कोणी विचारलं तर 1987 सालची गोष्ट सांगा. इयन वुडवर्ड यांनी केंब्रिजच्या वनस्पती-संग्रहातली गेल्या दोनशे वर्षांत वाळवून ठेवलेली पानं काढली, त्यांवरची रंध्रं मोजली आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी ती सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाल्याचं दाखवलं. मोजण्याचं काम तेच, जे तुमची नववीतली मुलं करताहेत. असे जुने संग्रह आपल्याकडेही आहेत. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधला ब्लॅटर संग्रह आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र. सहल काढायचीच असेल तर आधी परवानगी घेऊन अशा ठिकाणी काढा.

वही

प्रत्येक गटाची एक वही, बांधलेली, सुटे कागद नाहीत. पेनाने लिहायचं, खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं. तारीख, वेळ, हवा कशी होती, डबा सांडला का, उंदराने काही नेलं का, सगळं. मार्क वहीला द्या, निष्कर्षाला नको. ही एक अट पाळली की मुलं आकडे बनवणं सोडतात. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा बदल याच एका गोष्टीने झाला.

आकड्यांचं पुढे काय करायचं? सरासरीच्या आधी प्रत्येक डब्याचा आकडा आलेख कागदावर टिंब म्हणून मांडा. दोन गटांची टिंबं एकमेकांत मिसळलेली दिसली तर सरासरीत थोडा फरक असला तरी "फरक आहे" असं म्हणायची घाई नको. मोठी सूत्रं अकरावीनंतर. एखादा डबा अगदीच वेगळा आला तर तो गाळायचा नाही, का वेगळा आला ते शोधायचं.

संशोधकाला वर्गात आणताना

अमेरिकेत बोटॅनिकल सोसायटीने 2005 पासून प्लांटिंगसायन्स नावाचा उपक्रम चालवला आहे. त्यात वनस्पतिशास्त्रज्ञ शाळकरी मुलांच्या गटांशी त्यांचा प्रयोग चालू असताना ऑनलाइन बोलतात, भाषण देत नाहीत, प्रश्न विचारतात. ही पद्धत आपल्याकडे सहज जमते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथे कृषी विद्यापीठं आहेत, जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र असतं, पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आहेत, जवळच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा विभाग असतो.

पत्र लिहिताना "मार्गदर्शनपर व्याख्यान द्यावे" असं लिहू नका. त्याने हारतुरे होतात आणि तास संपतो. असं लिहा: "आमच्या नववीच्या मुलांनी मटकीच्या नव्वद गणंग दाण्यांवर प्रयोग केला आहे. सोबत आकडे जोडले आहेत. आपण अर्धा तास व्हिडिओ कॉलवर मुलांना प्रश्न विचाराल का?" आकडे सोबत असले की उत्तर येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. पीएचडी करणारे तरुण विद्यार्थी जास्त मोकळे होतात, मुलंही त्यांना "ताई, तुमचा प्रयोग कधी फसला का?" असं विचारायला कचरत नाहीत. त्या अर्ध्या तासात तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि मुलांच्या वतीने उत्तर देऊ नका.

सुरक्षितता, अगदी स्पष्ट

बी किराणा दुकानातलंच घ्या. कृषी सेवा केंद्रातल्या पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, बहुतेकदा गुलाबी किंवा लाल रंग दिसतो, ते मुलांच्या हातात देऊ नये. प्रयोगातले मोड कोणी खायचे नाहीत, बुरशी आलेला डबा वर्गात उघडायचा नाही. गाजर गवताला हात लावू देऊ नका, अंगावर पुरळ उठते. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. कण्हेर, धोतरा, गुंज ही झाडं प्रयोगाच्या यादीतच नकोत. अभयारण्यातून किंवा कासच्या पठारावरून रोपं, फुलं तोडून आणायची नाहीत. फोटो आणि नोंद पुरे.

वर्षभर चालणारं एक काम

हे सगळं जमलं नाही तरी शाळेच्या आवारातलं एक झाड निवडा. आंबा, बहावा, पांगारा, पळस, जे असेल ते. दर आठवड्याला एकाच वारी दोन मुलांनी जाऊन पाहायचं: कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकापुढे "नाही, थोडी, पुष्कळ" यांपैकी एक लिहायचं. देशभर सीझनवॉच हा उपक्रम अशाच साप्ताहिक नोंदी गोळा करतो आणि शाळांना त्यात भाग घेता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. एका वर्षात फार काही कळत नाही, म्हणून ही वही मुलांबरोबर घरी न जाता शाळेतच राहिली पाहिजे.

मार्चमध्ये आवराआवर करताना उरलेले गणंग दाणे फेकू नका. कागदी पुडीत बांधा, वर तारीख, दुकान आणि दाण्यांची संख्या लिहा, आणि झाडाच्या वहीसोबत कपाटात ठेवा. जूनमध्ये नवा वर्ग आला की पुडी त्यांच्या हातात द्या. इतके महिने कपाटात राहून हे दाणे अजून तितकेच कडक आहेत का, हे ते पहिल्या आठवड्यात मोजतील.